पाण्याखालचें साहित्य : नवें घ्यावें कीं वापरलेलें?

ज्या जिल्ह्याला समुद्राचा वाराहि लागत नाहीं, तेथील वाचकांपुढें समुद्राच्या पोटांत उतरण्याच्या साहित्याची चर्चा मांडावी, हें प्रथमदर्शनीं कोणासहि चमत्कारिक वाटेल. परंतु काळाची गति पाहतां हा प्रश्न आतां गोंदियासारख्या ठिकाणींहि एखाद्या सुशिक्षित घरांत निघणें अशक्य राहिलेलें नाहीं. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्र ओलांडून थेट कोल्हापूरला जाते. तेथून घाट उतरला कीं मालवण. मालवणजवळ तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्था आहे. सुटींत सिंधुदुर्ग किल्ला पाहावयास गेलेलीं मुलें तेथें एकदां पाण्याखालीं जाऊन येतात, रंगीबेरंगी मासे पाहून हरखतात, पुढील वर्षीं रीतसर शिक्षण घेतात, आणि तिसऱ्या वर्षीं घरीं म्हणूं लागतात, "आतां आम्हांला स्वतःचें साहित्य पाहिजे."

असें एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील बंधु गोंदियास वकिली करतात, मधले आमगांवास शिक्षक आहेत, धाकटे नागपुरास नोकरीस आहेत. पण चूल एक आणि खर्चाची वहीहि एक. घरांतील पुतण्या व त्याची चुलत बहीण अशीं दोघें तारकर्लीस शिकून आलीं आहेत. पुतण्याला किनाऱ्यावरील कोणा गृहस्थाचें वापरलेलें संपूर्ण साहित्य, सिलिंडरासह, निम्म्या किंमतींत मिळत आहे आणि आठ दिवसांत होय किंवा नाहीं तें कळवावयाचें आहे. वडील काका म्हणतात, "जुनें तें सोनें. आपल्या घरांतले तांब्याचे हंडे आजोबांच्या वेळचे. ते काय गळतात?" आजी म्हणते, "ज्याच्यावर लेंकराचा श्वास अवलंबून, तें दुसऱ्याचें उष्टें कशाला?" दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोघांचेंहि म्हणणें अपुरें आहे. तें कसें, हें येथें थोडें विस्तारानें सांगण्याचा आमचा विचार आहे.

आधीं गरज, मग खरेदी

नवें कीं जुनें, हा प्रश्न विचारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें अवश्य आहे : घ्यावयाचें तरी कां? पोहण्याचें तळें घराजवळ असलें म्हणजे पोहण्याचा पोशाख उपयोगीं पडतो. येथून मालवणचा समुद्र वाटेनें हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. किनाऱ्यावरील केंद्रांतून साहित्य भाड्यानें मिळतें. पुष्कळदां तें शुल्कांतच धरलेलें असतें. पावसाळ्यांत कोंकणचा समुद्र खवळलेला असल्यामुळें हा उद्योग बंद राहतो. म्हणजे वर्षांतले फार तर सात-आठ महिने उरले; त्यांतून शाळा, परीक्षा, लग्नकार्यें आणि सणवार वजा जातां गोंदियाच्या माणसाला समुद्राचे किती दिवस मिळतील, हें ज्याचें त्यानें मोजावें.

हिशेबाची रीत कळावी म्हणून कांहीं आंकडे घेऊं. ते केवळ उदाहरणादाखल आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. समजा, सिलिंडर वगळून बाकीचें नवें साहित्य १,२०,००० रुपयांस पडलें आणि त्याच्या वार्षिक तपासणी-दुरुस्तीस ८,००० रुपये लागले. दहा वर्षांत एकूण खर्च २,००,००० रुपये झाला. आतां समजा, भाडें दिवसास १,५०० रुपये आहे. वर्षांतून सहा दिवस समुद्रांत उतरणाऱ्याचें दहा वर्षांचें भाडें ९०,००० रुपये होईल. वीस दिवस उतरणाऱ्याचें ३,००,००० होईल. म्हणजे या हिशेबानें वर्षाला तेरा-चौदा दिवसांच्या आंत ज्याची हौस भागते, त्यानें भाड्यानें घेणेंच शहाणपणाचें. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण केवळ पैशाला लागू नाहीं, ती दिवसांनाहि लागू आहे. प्रत्येक घरानें आपल्या ठिकाणचे खरे आंकडे घालून हें त्रैराशिक स्वतः मांडावें.

शिवाय खर्चाचा क्रमहि ठरलेला असावा. पहिला पैसा वैद्यकीय तपासणीस द्यावा. दमा, कानाचे जुने विकार, हृदयाचा दोष किंवा फेपरें असेल तर डॉक्टरांचा स्पष्ट होकार मिळाल्यावांचून पाण्याखालीं जाऊं नये. दुसरा पैसा शिक्षणास द्यावा. तिसरा, उरला तर, साहित्यास. हा क्रम उलटा करून आधीं साहित्य आणि मग शिक्षण असें करणें म्हणजे वासरूं नसतांना दावें विकत घेण्यासारखें आहे.

हें साहित्य करतें काय?

दुर्योधन जलस्तंभन विद्येच्या बळावर द्वैपायन डोहांत लपून बसला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. आजच्या माणसाची जलस्तंभन विद्या १९४३ सालीं फ्रान्समध्यें सिद्ध झाली. जॅक-ईव्ह कूस्तो या नाविक अधिकाऱ्यानें एमिल गान्यां या अभियंत्याच्या साहाय्यानें असा एक पडदा बसविला कीं, माणूस श्वास घेईल तेव्हांच आणि लागेल तेवढ्याच दाबाची हवा सिलिंडरांतून यावी. महायुद्धांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवीत. त्यांच्यासाठीं गान्यां यानें जी झडप तयार केली होती, तिचेंच हें रूपांतर.

या पडद्याचें महत्त्व समजण्यास पाण्याच्या दाबाचा नियम ध्यानांत घ्यावा. समुद्रांत दर दहा मीटर खोलीस दाब सुमारें एका वातावरणानें वाढतो. दहा मीटरांवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट, वीस मीटरांवर तिप्पट. फुफ्फुसांत हवा त्याच दाबानें भरावी लागते, म्हणून वीस मीटरांवर प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा खर्च होते. अकरा लिटरांचा सिलिंडर २०० बार दाबानें भरला, तर त्यांत पृष्ठभागावरील मापानें सुमारें २,२०० लिटर हवा मावते. शांत माणसास वर मिनिटाला वीस लिटर लागत असतील, तर वीस मीटर खालीं साठ लागतील. पन्नास बार शिल्लक ठेवून वर यावयाचें म्हटलें, तर हातीं उरतात सुमारें सत्तावीस मिनिटें. दम रोखून झटकन् वर येणें त्याहून घातक. दाब कमी होतांच फुफ्फुसांतील हवा प्रसरण पावते आणि फुफ्फुस फाटण्याची वेळ येते.

तेव्हां वडील काकांच्या हंड्यांचा दृष्टांत येथें कां लागू पडत नाहीं, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. हंडा गळूं लागला तर जमीन ओली होते आणि आपण कल्हईवाल्यास किंवा तांबटास बोलावतों. पाण्याखालीं ज्या वस्तूचा दोष आधीं दिसत नाहीं आणि दिसतो तेव्हां उपायास वेळ उरत नाहीं, ती वस्तु हंड्याच्या जातीची नव्हे. म्हणून निवडीची कसोटी 'नवें कीं जुनें' अशी न ठेवतां, 'या वस्तूचा दोष मला जमिनीवर, कोरड्या हातानें, ओळखतां येईल काय?' अशी ठेवावी. या कसोटीनें सर्व साहित्याचे चार वांटे पडतात.

पहिला वांटा : खुशाल वापरलेलें घ्यावें

पायांत घालावयाचे फिन, कमरेचा पट्टा, शिशाचीं वजनें, जाळीची पिशवी, रबरी तळाचे बूट, हीं सर्व या वांट्यांत येतात. शिशाला वार्धक्य नाहीं. फिनांना भेगा आहेत कीं काय हें वांकवून पाहिलें कीं कळतें. रबरी पोशाखाचें तसेंच. आपल्या उष्ण समुद्रांत तीन मिलिमीटर जाडीचा पोशाख बहुधा पुरतो. पोशाखाचें रबर सूक्ष्म बुडबुड्यांनीं भरलेलें असतें. पुष्कळ वापरानें ते चेपतात, पोशाख पातळ होतो आणि ऊब कमी देतो. पण त्यामुळें फार तर थंडी वाजेल, जीव जाणार नाहीं. शिवण उसवली नाहीं, अंगाला बेतानें घट्ट बसतो आणि रबर अद्याप लवचिक आहे एवढें पाहून निम्म्या किंमतींत पोशाख घेण्यास आमची कांहींच हरकत नाहीं.

दुसरा वांटा : नवेंच घ्यावें

येथें आजीचें म्हणणें खरें ठरतें. मास्क हा ज्याच्या त्याच्या चेहऱ्याचा असतो. तो निवडण्याची युक्ति सोपी आहे : पट्टा न लावतां मास्क चेहऱ्यावर ठेवावा, नाकानें हलकेच श्वास आंत घ्यावा आणि हात सोडावा. तो पडला नाहीं तर आपला, पडला तर दुसऱ्याचा. भावाच्या चेहऱ्यास बसणारा मास्क बहिणीस बसेलच असें नाहीं. मिशा असलेल्या गृहस्थांस तर तो नेहमींच थोडा त्रास देतो. सर्व साहित्यांत मास्क हा स्वस्तांतला. तेव्हां भाड्यानें बाकी सर्व घेणाऱ्यानेंहि तेवढा एक स्वतःचा नवा घेतला तर पैसे वाया जाणार नाहींत. तोंडांत धरावयाचें रबरी मुखहि नवेंच असावें. त्याची किंमत क्षुल्लक, आणि उष्ट्याचा प्रश्न कायमचा मिटतो.

हवेच्या नळ्याहि याच वांट्यांत घालाव्यात. रबरी नळी बाहेरून काळी कुळकुळीत दिसली तरी जेथें ती धातूच्या टोंकास जोडलेली असते तेथें आंतून चिरत जाते. नळी वांकवून त्या जागीं बारीक भेगा दिसल्या तर ती तत्काळ टाकावी. आणि वय ठाऊक नसेल तर भेगा न दिसल्या तरी बदलावी.

तिसरा वांटा : परीक्षा करून मग ठरवावें

या वांट्यांत तीन वस्तु येतात, आणि खरा वाद त्यांच्याविषयींच आहे.

पहिली, हवेचा रेग्युलेटर. सिलिंडराला जोडलेला त्याचा पहिला भाग २०० बारांचा दाब उतरवून सभोंवतालच्या दाबाहून नऊ-दहा बार अधिक एवढ्यावर आणतो. तोंडाशीं असलेला दुसरा भाग तो श्वासाजोगा करतो. हा बिघडला तर बहुधा बंद पडत नाहीं, उलट सारखा वाहूं लागतो, आणि वर सांगितलेलीं सत्तावीस मिनिटें पाहतां पाहतां संपतात. आंतील झडपांच्या बैठका व रबरी कड्या झिजतात. बहुतेक निर्माते वर्षांतून एकदां, कांहीं दोन वर्षांनीं, अथवा ठराविक बुड्यांनंतर ते उघडून भाग बदलण्यास सांगतात. विकणारा म्हणेल, "फारच थोडा वापरला आहे, चार वर्षें कपाटांतच होता." तें ऐकून भुलूं नये. न वापरलेला, पण न धुतां ठेवलेला रेग्युलेटर हा रोज वापरून रोज धुतलेल्या रेग्युलेटरापेक्षां वाईट. आंत मीठ साचतें, धातूवर हिरवट गंज चढतो. कोरड्या जागीं श्वास घेऊन "छान चालतो" असें म्हणणें ही परीक्षा नव्हे. जो वर सुरळीत चालतो तो खालीं तिप्पट दाट हवा देतांना जड जाऊं शकतो. ती परीक्षा मापकयंत्र असलेल्या शिकलेल्या कारागिराकडूनच करावी.

विकत घेण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्यात : मूळ खरेदीची पावती आहे काय? शेवटची दुरुस्ती केव्हां व कोणीं केली, त्याचा कागद आहे काय? या नमुन्याचे सुटे भाग आजहि मिळतात काय? आणि आपल्या देशांत तो दुरुस्त करणारा अधिकृत कारागीर आहे काय? यांतील तिसऱ्या-चौथ्या प्रश्नास 'नाहीं' असें उत्तर आलें, तर रेग्युलेटर फुकट मिळाला तरी महागच.

आतां बचतीचा हिशेब पाहूं. समजा, नवा रेग्युलेटर ४५,००० रुपयांचा आणि जुना २०,००० रुपयांस मिळत आहे. वरकरणीं बचत २५,००० ची. पण जुन्याची संपूर्ण दुरुस्ती सुटे भाग धरून ८,०००, नव्या नळ्या ६,०००, पाठविण्या-आणण्याचा खर्च १,५००. एकूण जुना ३५,५०० रुपयांस पडला. खरी बचत ९,५०० रुपये, आणि तीहि आंत कांहीं मोडकें निघालें नाहीं तर. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा प्रकार बहुधा येथेंच होतो. म्हणून सौदा ठरवितांना मूळ किंमतीची तुलना न करतां 'पाण्यांत उतरण्यास योग्य' अशा स्थितींतील किंमतीची तुलना करावी. एवढें करूनहि जुना स्वस्त पडला, कारागिरानें लेखी खात्री दिली, आणि नमुना चालू आहे, तर तो घेण्यांत कमीपणा नाहीं. तज्ज्ञानें पूर्णपणें उघडून बांधलेला जुना रेग्युलेटर नव्याइतकाच विश्वासू होऊं शकतो.

दुसरी वस्तु तरंगण्याचें जाकीट. त्यांत हवा भरून व सोडून माणूस पाण्यांत आपली उंची राखतो. याची परीक्षा मात्र घरच्या घरीं करतां येते. जाकीट घट्ट फुगवावें आणि रात्रभर ठेवून द्यावें. सकाळीं तें मऊ पडलें असेल तर कोठें तरी गळती आहे. सायकलच्या ट्यूबप्रमाणें पाण्यांत धरून बुडबुडे पाहावेत. हवा भरण्याचें बटण दाबून सोडल्यावर लगेच वर येतें कीं अडकतें, हें वीसदां तरी पाहावें; अडकणारें बटण म्हणजे माणसाला नको तेव्हां वर उडविणारें यंत्र. आंत पाणी घालून हलवावें व तें ओतून चाखावें; खारट लागलें तर मालकानें तें आंतून कधीं धुतलें नाहीं असें समजावें, आणि जो जाकीट धुवीत नाहीं तो रेग्युलेटरहि धुवीत नसावा असा तर्क करण्यास हरकत नाहीं.

तिसरी वस्तु मनगटावरील कॉम्प्युटर. खोली आणि वेळ मोजून, शरीरांत किती नायट्रोजन मुरला असेल याचा अंदाज तो सांगतो. या गणिताचा पाया जे. एस. हाल्डेन यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनीं घातला. त्यांचेच चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन पुढें भारताचे नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. जुना कॉम्प्युटर घ्यावयाचा तर एका उतरंडींत तो दुसऱ्या खात्रीच्या कॉम्प्युटराशेजारीं बांधून दोघांची खोली जुळते कीं नाहीं तें पाहावें. बॅटरी घरीं बदलतां येते कीं कारखान्यांत पाठवावी लागते, तेंहि विचारावें. येथेंच एक सूचना देऊन ठेवतों. अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास तरी विमानांत बसूं नये असें सांगतात. मालवणहून कोल्हापुरास परततांना जो घाट चढावा लागतो, त्यासहि हाच न्याय अंशतः लागू आहे. बुडी मारून लगेच घाट न चढतां एक रात्र किनाऱ्यावर काढावी.

चौथा वांटा : घेऊंच नये

हा वांटा सिलिंडराचा. गोंदियाच्या माणसानें सिलिंडर नवाहि घेऊं नये आणि जुनाहि घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कारणें तीन. एक, रिकामा ॲल्युमिनियमचा सिलिंडरच सुमारें चौदा किलो वजनाचा असतो. आणि भरलेला सिलिंडर प्रवासी गाडींत नेण्याची वस्तु नव्हे. दोन, आपल्या देशांत दाबाखालील वायूंच्या सिलिंडरांस २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत; त्यांचा अंमल ज्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेकडे आहे तिचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरांतच आहे. मान्यता नसलेला, परदेशाहून कोणीं तरी आणलेला सिलिंडर भरणें हें कायद्यास धरून नाहीं. तीन, सिलिंडराचा दोष डोळ्यांना दिसत नाहीं. त्याला ठराविक मुदतीनें पाण्याच्या दाबाची परीक्षा द्यावी लागते आणि त्या परीक्षेचा शिक्का मानेशीं उमटविलेला असतो. १९९० पूर्वींच्या कांहीं ॲल्युमिनियम सिलिंडरांत ६३५१ या मिश्रधातूचा उपयोग केलेला होता; त्यांच्या मानेशीं सततच्या दाबानें चिरा पडतात असें पुढें आढळून आलें आणि असे कांहीं सिलिंडर भरतांना फुटलेहि आहेत. निम्म्या किंमतीच्या सौद्यांत असा एखादा म्हातारा गळ्यांत पडावयास वेळ लागत नाहीं.

आणखी एक गैरसमज येथें दूर करणें अवश्य आहे. पुष्कळ लोक याला 'ऑक्सिजनची टाकी' म्हणतात. तींत ऑक्सिजन नसून गाळलेली, कोरडी केलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरांहून खालीं शरीरास विषारी होतो. झटके येऊन माणूस पाण्यांतच बेशुद्ध पडतो. म्हणून दवाखान्याचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन भरून घेण्याची कल्पनाहि मनांत आणूं नये. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसराची हवाहि चालत नाहीं. तींत तेलाची वाफ व धुराचा विषारी वायु असण्याचा संभव असतो. सिलिंडर समुद्रकांठीं, नांवाजलेल्या केंद्रांतच भाड्यानें घ्यावा.

नव्याचा भ्रम

एवढें वाचून कोणी म्हणेल, "मग कटकट कशाला? सगळें नवें कोरें घेऊन मोकळे होऊं." तेंहि तितकेंसें खरें नाहीं. नवा रेग्युलेटर दुसऱ्या वर्षीं जुना होतो. त्याची सेवा चुकविली तर पांच वर्षांनीं तो, काळजीनें ठेवलेल्या जुन्यापेक्षां, अधिक धोक्याचा ठरतो. गोंदियाचा उन्हाळा कडक. पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेलें रबर दोन वैशाखांत कडक होतें. किडे-झुरळें नळ्यांत शिरतात. प्रत्येक सफरीनंतर गोड्या पाण्यानें आंतून-बाहेरून धुणें, सावलींत वाळविणें, नळ्या न मोडतां ठेवणें आणि तोंडें झांकणें, एवढें ज्या घरांत नेमानें होईल त्या घरानेंच साहित्य बाळगावें. आपल्याकडे पापड-कुरडयांचे डबे ज्या दक्षतेनें ठेवतात, तेवढीच दक्षता येथें पुरते. पण ती कोण घेणार, हें खरेदीपूर्वीं नांवानिशीं ठरलेलें असावें.

तेव्हां वर कल्पिलेल्या घराला आम्ही असा सल्ला देऊं : आठ दिवसांची मुदत घालणाऱ्यास नम्रपणें नकार कळवावा, खऱ्या वस्तूला परीक्षेची घाई नसते. सिलिंडर वगळावा. दोन्ही मुलांना एकेक नवा मास्क घ्यावा. फिन व पोशाख वापरलेले चालतील. बाकीचें दोन वर्षें भाड्यानें घ्यावें आणि प्रत्येक बुडीची नोंद वहींत ठेवावी. हौस टिकली, दिवस वाढले, तर तिसऱ्या वर्षीं रेग्युलेटरचा विचार करावा. बहिणीच्या मापाचें जाकीट भावाच्या मापावरून ठरवूं नये. तिचा वांटा तिच्या अंगाच्या मापानें पडला पाहिजे.

तळ्यांचा जिल्हा आणि एक इशारा

राहिलेली गोष्ट पैशाची नाहीं, म्हणूनच ती शेवटीं सांगतों. साहित्य घरीं आलें म्हणजे तें जवळच्या पाण्यांत वापरून पाहण्याचा मोह अनिवार होतो, आणि आपल्या जिल्ह्यांत पाण्याला तोटा नाहीं. अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांधचें विस्तीर्ण तळें कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधविलें असें सांगतात. त्याच तालुक्यांत गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. तिरोड्याकडे बोदलकसा व चोरखमारा आहेत. हीं पाणीं सारसांचीं, स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्यांचीं आणि पिढ्यान्पिढ्या मासेमारी व शिंगाड्याची लागवड करणाऱ्या ढीवर बांधवांचीं आहेत. तीं समुद्रासारखीं स्वच्छ नसतात. खालीं हाताला हात दिसत नाहीं. पाणवनस्पतींचे वेल, जुनीं जाळीं, बुडालेलीं झाडें पायांत अडकतात. समुद्रासाठीं बेतलेलें वजनहि तेथें चुकतें. गोडें पाणी हलकें असल्यामुळें साहित्यासह शंभर किलो भरणाऱ्या माणसाला सुमारें अडीच किलो शिसें कमी लागतें. परवानगीवांचून, आणि बरोबर अनुभवी जोडीदार असल्यावांचून, कोणींहि तेथें उतरूं नये.

याहून कठीण प्रसंग वेगळाच असतो. विसर्जनाच्या दिवशीं किंवा बाघ-वैनगंगेच्या पुरांत कोणाचें मूल बुडतें, कांठावर आकांत होतो, आणि कोणी तरी म्हणतो, "वकीलसाहेबांच्या पुतण्याकडे तें यंत्र आहे, त्याला बोलवा." त्या क्षणीं 'नाहीं' म्हणणें फार जड जातें. पण हौसेचें शिक्षण हें शोधकार्याचें शिक्षण नव्हे. आंधळ्या पाण्यांत, वाहत्या धारेंत, दोरीच्या खुणांवर काम करणें ही स्वतंत्र विद्या आहे. ती ज्यांना येते ते लोक वेगळे. १९९९ पूर्वींचीं तळीं पोहून ओळखणारे गांवचे वृद्ध ढीवर एकाद्या खोलगट जागेविषयीं जें सांगतील, तें कोणत्याहि यंत्राला सांगतां येणार नाहीं; त्यांचें ऐकावें. ११२ वर किंवा जिल्हा आपत्ति नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर तत्काळ कळवावें. राज्य आपत्ति प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरास असते. बुडणारा वर दिसत असेल तर दोर, बांबू, रिकामा डबा, फुगविलेली ट्यूब फेंकावी. तेवढ्यानें जीव वांचतात. एका मुलामागें दुसरें मूल पाण्यांत पाठवूं नये.

आणि हा नकार देण्याचें ओझें त्या वीस वर्षांच्या मुलावर टाकूं नये. साहित्य घरांत येईल त्याच दिवशीं घरांतील वडिलांनीं सर्वांसमक्ष सांगून ठेवावें कीं, हें समुद्राचें आहे, शिकविणाऱ्यांच्या देखत वापरावयाचें आहे, आणि गांवच्या पाण्यांत उतरण्याची विनंति कोणीहि घेऊन आला तर त्याला उत्तर आम्ही देऊं. खरेदीची पावती जपून ठेवतों, तसाच हा शब्दहि जपून ठेवावा. पावतीनें वस्तूची हमी मिळते; मुलाची हमी घरच्यांनाच द्यावी लागते.